पियानो एकदा, रोल दर आठवड्याला

कंपनी गिऱ्हाइकाशी एक बोलते आणि दुकानदाराशी दुसरंच. दोन्ही बोलणी शेजारी शेजारी ठेवून वाचायची संधी क्वचित मिळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेतल्या पियानोच्या धंद्याने ती मला दिली. घरोघरी जाणाऱ्या त्या काळच्या मासिकांत ‘पियानोला’ नावाच्या, कागदाच्या रोलवरून पियानो वाजवणाऱ्या यंत्राच्या पानपानभर जाहिराती आहेत. त्यांत दिवाणखाना आहे, दिव्याचा उजेड आहे, आयुष्यात कधी पियानोला बोट न लावलेला गृहस्थ थोर संगीतकारांच्या रचना वाजवतो आहे आणि घरची माणसं भोवती जमली आहेत. त्याच वर्षांतली ‘म्युझिक ट्रेड रिव्ह्यू’, ‘म्युझिक ट्रेड्स’, ‘प्रेस्टो’ ही धंद्यातली नियतकालिकं उघडली की दिवाणखाना नाहीसा होतो. तिथे बोलणं चालतं ते माल उठण्याचं, हप्त्यांच्या वसुलीचं, गावातल्या एजन्सीच्या हक्काचं, दुकानाच्या खिडकीत काय मांडावं याचं.

हे जुने अंक आता स्कॅन होऊन सगळ्यांना वाचायला खुले आहेत. माझं नोकरीचं आयुष्य डीलरांच्या काउंटरसमोर गेलं. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात आणि खाली चिपळूण-रत्नागिरीपर्यंत घरगुती वापराच्या वस्तू मी दुकानदारांना विकल्या. गिऱ्हाइकाला म्हणाल तर एकही नाही. त्यामुळे ‘आमच्या डीलरांस’ अशी सुरुवात दिसली की मी तिथेच थांबतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या शिकागोतल्या पियानोवाल्याचं आणि माझ्या चिपळूणच्या डीलरचं दुखणं एकच आहे, हे ओळखायला मला फार पानं उलटावी लागली नाहीत.

त्या काळचा पियानो डीलर म्हणजे गावातला वजनदार माणूस. घराखालोखाल मोठी खरेदी बहुतेक कुटुंबांत पियानोचीच. पैसे एकरकमी देणारे थोडे, हप्त्याने घेणारे पुष्कळ. किंमत ठरलेली नसायची. चिठ्ठीवर एक, तोंडी दुसरी, गिऱ्हाईक उठून दाराकडे निघालं की तिसरी. जुना पियानो किंवा ऑर्गन बदल्यात घेताना त्याची किंमत भरघोस सांगायची आणि नव्याच्या किमतीत ती आधीच मिळवून ठेवायची. बसायचा बाक फुकट, वर पसरायचं भरतकामाचं कापड फुकट. गावातल्या संगीतशिक्षकांनी गिऱ्हाईक आणलं तर त्यांना दलाली. वर्तमानपत्रात सोपं कोडं छापायचं, उत्तर पाठवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला ‘बक्षीस’ म्हणून पियानोच्या किमतीत सूट देणारी पावती पाठवायची, आणि सुटीची रक्कम आधीच किमतीवर चढवलेली. १९१० च्या सुमाराला या कोड्यांच्या स्पर्धा इतक्या बोकाळल्या की धंद्यातल्याच पत्रांनी त्यांच्याविरुद्ध लिहायला सुरुवात केली.

नावाचाही प्रश्न होताच. न्यूयॉर्कच्या जोसेफ हेल या कारखानदाराने १८७० च्या दशकात स्वस्त पियानोचा मार्ग रुंद केला. सुटे भाग आणून जोडायचे आणि झाकणावर दुकानदार सांगेल ते नाव रंगवून द्यायचं. असे पियानो ‘स्टेन्सिल’ म्हणून ओळखले जात. एकाच कारखान्यातून निघालेली दोन भावंडं दोन गावांत दोन नावांनी विकली जायची. नाव दुकानदाराचं, किंमत दुकानदाराची, उधारी दुकानदाराची. कारखानदार मागे कुठेतरी.

सिनसिनाटीचा ड्वाइट हॅमिल्टन बाल्डविन हा मुळात संगीतशिक्षक. १८६२ मध्ये त्याने विक्रीचं दुकान काढलं, हप्त्यावर माल देऊन धंदा वाढवला, आणि पुढे त्याच्या कंपनीने स्वतःच पियानो बनवायला घेतले. दुकानदार कारखानदार झाला. उलट बाजूने सीअर्ससारख्या टपालविक्रीच्या कंपन्या जाडजूड कॅटलॉगमधून थेट शेतकऱ्याच्या घरी पियानो पाठवायला लागल्या. १९०१ मध्ये डीलरांनी कारखानदारांपासून वेगळी अशी आपली राष्ट्रीय संघटना उभी केली यात मला काही नवल वाटत नाही. पाठ भिंतीला टेकली की दुकानदार शेजारच्या दुकानदाराशीही बोलायला लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

या दुकानात पियानोला शिरला.

एडविन व्होटी हा डेट्रॉइटचा ऑर्गन बनवणारा. १८९५ मध्ये त्याने एक लाकडी पेटी तयार केली. ती पियानोसमोर ढकलून लावायची. तिच्या मागच्या बाजूला लोकर चिकटवलेली लाकडी बोटं, ती पियानोच्या पट्ट्यांवर बरोबर बसत. पेटीत वर कागदाचा रोल, खाली पायाने चालवायचे भाते. पाय मारले की आतली हवा ओढली जाते. कागद एका पट्टीवरून सरकतो. पट्टीला भोकांची रांग असते, प्रत्येक स्वराला एक. कागदातलं भोक पट्टीतल्या भोकावर आलं की बाहेरची हवा आत शिरते, चामड्याची इवलीशी पिशवी फुगते, झडप उचलली जाते, आणि त्या स्वराचा छोटा भाता क्षणात मिटून बोट दाबतो. रोल सरकवण्यापासून बोट दाबण्यापर्यंत सगळं काम हवा करते. वाजवणाऱ्याच्या हाती उरतात लय कमीजास्त करायची दांडी, आवाजाच्या दांड्या आणि पायाचा जोर. पायाच्या जोरावर किती अवलंबून आहे हे ज्याने हार्मोनियमचा भाता चालवला आहे त्याला सांगायला नको. नुसतं थापथाप पाय मारले तर यंत्र वाजतं, संगीत होत नाही.

न्यूयॉर्कच्या इओलियन कंपनीने ही पेटी पियानोला या नावाने बाजारात आणली. किंमत २५० डॉलर. तेवढ्यात एखादा साधा पियानो आला असता. दुकानदाराला ही वस्तू पटवणं सोपं नव्हतं. घरात पियानो असलेल्या माणसाला आणखी एक पियानोएवढी किंमत द्यायला लावायची, आणि तीही अशा यंत्रासाठी की ज्याने गावातल्या शिक्षकांच्या शिकवण्या बुडतील, असं तेच शिक्षक सगळीकडे सांगत फिरणार. दलालीने बांधलेले ते शिक्षक दुखावून कसं चालेल?

इओलियनचा अध्यक्ष हॅरी ट्रेमेन याने जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात धाडसी काम वाटतं. त्याने डीलरची मनधरणी करण्यात वेळ घालवला नाही. देशभर वाचल्या जाणाऱ्या मासिकांत त्याने पैसा ओतला. जाहिरात वाचून माणूस आपल्या गावच्या दुकानात जाऊन नाव घेऊन मागायला लागला: पियानोला आहे का? दुकानदाराने आजवर आपल्या मर्जीचं नाव झाकणावर रंगवलं होतं. आता गिऱ्हाईक दारातून नाव घेऊन आत येत होतं. मासिकातली ती दिवाणखान्याची चित्रं गृहिणीसाठी होती हे खरं, पण त्यांचा जोर पडत होता तो दुकानदारावर. दुसरीकडे कंपनी धंद्यातल्या पत्रांतून त्याच दुकानदाराला सांगत होती की मागणी आम्ही तयार केली आहे, तुम्ही फक्त एजन्सी घ्या. नाही घेतलीत तर रस्त्यापलीकडचा घेईल, हेही न लिहिता कळत होतं. १९०९ मध्ये इओलियनने स्टाइनवेशी करार करून स्टाइनवेच्या पियानोतच आपलं यंत्र बसवायला घेतलं. त्यानंतर हे यंत्र संगीताला खालच्या पायरीवर आणतं म्हणून नाक मुरडणाऱ्या डीलरचीही वाचा बसली.

विरोध मात्र साधासुधा नव्हता. ‘मार्च किंग’ म्हणवला जाणारा बँडप्रमुख जॉन फिलिप सूझा याने १९०६ मध्ये यांत्रिक संगीताच्या धोक्यावर लेख लिहिला. यंत्र आलं की मुलं शिकणं सोडतील, घराघरातला हौशी वादक संपेल, अशी त्याची भीती. त्याचा स्वतःचा रागही होता, कारण रोलवर त्याच्या रचना विकल्या जात होत्या आणि त्याला त्यातलं काही मिळत नव्हतं. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. व्हाइट-स्मिथ या प्रकाशकाने अपोलो या रोल-कंपनीवर दावा लावला होता. फेब्रुवारी १९०८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की भोकं पाडलेला कागद माणसाला वाचता येत नाही, तो यंत्राचा भाग आहे, त्यामुळे ती स्वरलिपीची नक्कल ठरत नाही. दुसऱ्याच वर्षी संसदेने कायदा बदलला. प्रत्येक रोलमागे रचनाकाराच्या हक्कापोटी २ सेंट द्यायचे, आणि एकाने परवानगी घेऊन रोल काढला की तेवढेच पैसे भरून दुसऱ्या कुणालाही ती रचना काढता येईल. या दुसऱ्या अटीमागे इओलियनचीच धास्ती होती. तिने पुष्कळशा प्रकाशकांशी आधीच करार करून ठेवले होते; ही अट न घालता नुसते हक्क मान्य झाले असते तर सगळं संगीत एकाच कंपनीच्या कपाटात गेलं असतं. कायदेपंडित या कलमाबद्दल आजही लिहितात. मी ते वाचतो दुकानदाराच्या बाजूने. त्याला हवं ते गाणं कुणाकडूनही मागवता येऊ लागलं, ही त्याच्यासाठी मोठीच मोकळीक.

त्याच्याही आधी एक गोष्ट झाली होती आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सुरुवातीच्या प्लेअर पियानोंना, म्हणजे रोलवर वाजणाऱ्या पियानोंना, ६५ स्वर पुरत. मग पियानोच्या सगळ्याच्या सगळ्या ८८ पट्ट्या वाजवणारी यंत्रं आली. प्रत्येक कारखान्याचं माप वेगळं, कागदाची रुंदी वेगळी, भोकांमधलं अंतर वेगळं. दुकानदाराची अवस्था काय असेल याची कल्पना करा. गावात चार कंपन्यांची यंत्रं विकली गेली आहेत. एकच लोकप्रिय गाणं, पण ते चार मापांत ठेवायचं. तीन मापांचे रोल उठले आणि चौथ्याचे पडून राहिले, तर त्या महिन्याचा नफा त्या कागदातच गेला. डिसेंबर १९०८ मध्ये कारखानदार न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात जमले आणि त्यांनी ठरवलं: कागद सव्वाअकरा इंच रुंद, ६५ स्वरांच्या रोलला इंचाला ६ भोकं, ८८ स्वरांच्या रोलला इंचाला ९. बस, एवढंच. कुठलीही जाहिरात नाही, घोषणा नाही, बाळगोपाळांचं चित्र नाही.

माझ्या मते प्लेअर पियानोच्या विक्रीचं सगळ्यात मोठं काम त्या बैठकीत झालं. दुकानदाराला एका फळीवर सगळ्यांसाठी माल ठेवता आला. गिऱ्हाइकाच्या मनातली भीतीही गेली, की मी आज हे यंत्र घेतलं आणि उद्या कंपनी बुडाली तर माझे रोल कुठे शोधू? प्रतिस्पर्धी एका टेबलाशी बसून मापावर एकमत करतात, हे विक्रीच्या धंद्यात फार दुर्मीळ आहे आणि त्याबद्दल मला त्या माणसांचा मनापासून आदर वाटतो. आमच्याकडे दर कंपनीची बसणी वेगळी, आटे वेगळे, आणि त्या भांडणात डीलरच्या माळ्यावर धूळ खात पडलेली खोकी मी पुष्कळ मोजली आहेत.

१९०९ हे अमेरिकेतल्या पियानोच्या उत्पादनाचं शिखर. त्या एका वर्षात साडेतीन लाखांहून जास्त पियानो तयार झाले. पुढच्या दहा-बारा वर्षांत एकूण आकडा खाली-वर होत राहिला, पण त्यातला प्लेअर पियानोचा वाटा वाढतच गेला आणि १९२० च्या आगेमागे तो निम्म्याच्या पुढे गेला. आता यंत्र वेगळ्या पेटीत नव्हतं, पियानोच्याच पोटात बसवलेलं होतं.

आणि इथून खरी कसोटी लागली, ती रोलची.

पियानो माणूस आयुष्यात एकदा घेतो. दुकानदाराचं सगळं मन त्या एका सौद्यावर घडलेलं असतं: गिऱ्हाईक हेरायचं, घरी जायचं, बसवायचं, घासाघीस करायची, सही घ्यायची, हप्ते वसूल करायचे. रोलची रीत याच्या अगदी उलट. त्याला नफा थोडा, किंमत थोडी, पण तो दर आठवड्याला विकला जाऊ शकतो. त्यासाठी गिऱ्हाइकाला काय आवडतं हे लक्षात ठेवावं लागतं, नवं गाणं आल्याबरोबर त्याला कळवावं लागतं, दुकानात एक वाजवून दाखवणारं माणूस आणि एक रिकामी खोली लागते. रोल-कंपन्या महिन्याच्या महिन्याला नव्या गाण्यांची पत्रकं पाठवत, खिडकीत टांगायचे फलक पाठवत. धंद्यातल्या पत्रांत तर एकच पालुपद: रोलचा वेगळा विभाग करा, रोल कपाटात कोंबू नका, यंत्र घेतलेल्या प्रत्येक घराची यादी ठेवा, त्यांना पत्र टाका.

दुकानदार काय करत होता? सौदा तुटायला आला की तो बाकाबरोबर डझनभर रोलही फुकट देऊन टाकत होता. गाडी माल पोचवून परत आली की त्या घराशी त्याचा संबंध हप्त्यापुरता. घरातली माणसं ते डझनभर रोल पुन्हा पुन्हा वाजवत, कंटाळत, आणि यंत्राचं दार लावून टाकत. ‘मुके झालेले प्लेअर पियानो’ ही त्या धंद्यातली कायमची तक्रार होती. विल्यम ब्रेड व्हाइट हा यंत्राचं अंगप्रत्यंग जाणणारा लेखक डीलरांना वर्षानुवर्षं समजावत राहिला की हे यंत्र नीट वाजवणं हीसुद्धा एक कला आहे, तुमच्या दुकानातल्या माणसाला आधी ती येऊ द्या. एका घरचा पियानो मुका असेल तर शेजारीण कशाला घेईल?

मी स्वतः एकेकाळी पाण्याचे फिल्टर विकत होतो. डीलर फिल्टर आनंदाने ठेवायचे. आतल्या कांड्या ठेवायच्या म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. जागा अडते, नफा नाही, कोण लक्षात ठेवणार कुणाकडे कुठलं मॉडेल आहे ते. आणि कांडी बदलायची राहिली की फिल्टरच वाईट अशी बोंब गावभर. ही तक्रार मला त्या वेळी आमच्या भागाचीच वाटायची. ती धंद्याच्या मुळातच आहे. जो माणूस मोठा सौदा जिंकायला शिकला, त्याला दर आठवड्याचं छोटं काम शिकवणं फार अवघड असतं, आणि कंपनीने कितीही पत्रकं पाठवली तरी ते पत्रकांनी होत नाही.

रोलवर मेहनत मात्र भरपूर घेतली जात होती. गाण्याचे शब्द कागदाच्या कडेला छापलेले रोल निघाले. कागद वरून खाली सरकतो, त्यामुळे शब्द खालून वर वाचायचे. घरातली सगळी माणसं पियानोभोवती उभी राहून गाऊ लागली, आणि गायला लागलेल्या घराला नवं गाणं हवंच असतं. ज्याने कुणी ही युक्ती धंद्यात रुजवली त्याला घर कळत होतं. रोलवर वेगाचा आकडा असायचा. ७० म्हणजे मिनिटाला ७ फूट कागद. दुकानातला दाखवणारा माणूस लयीची दांडी हळूच सरकवून गिऱ्हाइकाला सांगायचा की बघा, हे तुमच्या हातात आहे. वॉशिंग्टनमधल्या एका कृष्णवर्णीय तरुणाने ते शब्दशः खरं केलं. जेम्स पी. जॉन्सन या पियानोवादकाच्या एका अवघड रचनेचा रोल त्याने संथ लयीत लावला, आपोआप खाली जाणाऱ्या पट्ट्यांवर आपली बोटं ठेवली आणि ती रचना शिकून घेतली. तो पुढे जॅझचा थोर संगीतकार झालेला ड्यूक एलिंग्टन. मुलं शिकणं सोडतील या सूझाच्या भीतीला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

डीलरला सांभाळून घेणाऱ्या कंपन्यांत मला शिकागोच्या गुलब्रान्सनचं काम आवडतं. तिचं बोधचिन्ह म्हणजे रांगत जाऊन पियानोचं पायटं हाताने दाबणारं बाळ. एका चित्रात दोन्ही गोष्टी सांगून झाल्या: चालवायला हलका, आणि कुणालाही जमेल असा. दुकानदाराला त्या बाळासमोर वेगळं भाषण करायची गरज नव्हती. गिऱ्हाइकाच्या पायाखाली पायटं दिलं की झालं. नीट वाजवायला शिकवणारे रोलही तिने यंत्राबरोबर दिले. पण तिची खरी हिंमत पियानोच्या पाठीमागे आहे. कंपनीने देशभर एकच किंमत जाहीर केली आणि ती प्रत्येक पियानोच्या पाठीवर डागून टाकली. जिथे किंमत म्हणजे दुकानदाराचं तोंड, तिथे हे केवढं मोठं पाऊल! काही डीलर नक्कीच चिडले असतील. पण मी डीलरांना ओळखतो. रोजच्या घासाघिशीचा थकवा त्यांनाच सगळ्यात जास्त असतो. पाठीवर डागलेली किंमत दाखवून ‘माझ्या हातात काही नाही’ असं म्हणता येणं ही सुटका आहे.

वादकाच्या हाताची नजाकतही टिपणाऱ्या महागड्या यंत्रांचा, वेल्टे, ड्यूओ-आर्ट, अँपिको यांचा मार्ग वेगळा. त्यांच्यासाठी जाहीर कार्यक्रम होत. मंचावर वादक वाजवता वाजवता हात उचलून मांडीवर ठेवी आणि पियानो पुढे वाजत राही. प्रेक्षकांना फरक कळला नाही की काम झालं. रखमानिनॉफसारख्या नामांकित पियानोवादकांनी त्यांच्यासाठी रोल केले. ते श्रीमंतांचं प्रकरण होतं आणि माझं मन त्यात फार रमत नाही.

आपल्याकडे हे का रुजलं नाही, हा विचार वाचताना सारखा मनात येतो. पियानो मुंबईला, गोव्याला आला होता. इंग्लंडचे कारखानदार उष्ण हवेच्या देशांसाठी वेगळे पियानो बनवत, नुसत्या सरसावर न सोडता सांध्यांना पितळी स्क्रू लावत. पण रोलचा कागद दमट हवेत फुगतो. इंचाला ९ भोकांच्या हिशेबात तो थोडा जरी फुगला तरी भोकं पट्टीशी जुळत नाहीत आणि स्वर चुकायला लागतात. आतल्या रबराच्या नळ्यांना आणि कापडालाही उष्णता-ओल मानवत नाही. कोकणातला एक श्रावण त्या यंत्राला पुरेसा झाला असता.

पायाने चालणारा भाता मात्र आपल्याला परका नव्हता. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांच्या गाण्यामागे ऑर्गन वाजायचा, आणि अमेरिकन धाटणीचा ऑर्गन हवा ओढूनच स्वर काढतो. व्होटीने पियानोला बनवला तो अशाच ऑर्गनच्या विद्येतून. विद्या तीच, पण नाट्यगृहात पुढे बसलेला माणूस ‘वन्स मोअर’ म्हणून ओरडतो तेव्हा त्याला तेच गाणं तसंच नको असतं. त्याला नवी जागा हवी असते, वेगळी तान हवी असते, आणि ऑर्गनवाल्याने गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर थांबायचं असतं. भोकं आधीच पाडलेल्या कागदाला हे कसं जमणार? त्या काळी अमेरिकेच्या एखाद्या कंपनीने माझ्यासारख्याला पुण्याला एजन्सी द्यायला पाठवलं असतं, तर आमचे रसिक मी कसे समजावून सांगितले असते, हे मला खरंच सुचत नाही.

१९२० च्या शेवटी पिट्सबर्गच्या रेडिओ केंद्राचं प्रसारण सुरू झालं, आणि काही वर्षांत ग्रामोफोनचा आवाजही विजेच्या ध्वनिमुद्रणाने सुधारला. तरी रोल एकदम पडले नाहीत. क्यूआरएस या शिकागोच्या रोल-कंपनीच्या हिशेबाप्रमाणे १९२६ मध्ये तिने सुमारे एक कोटी रोल विकले. मग मात्र घसरण वेगाने झाली. १९२९ चा शेअरबाजार कोसळला तेव्हा हप्त्याने घेतलेल्या वस्तूंचे हप्ते थकले, आणि अँपिकोवाली अमेरिकन पियानो कंपनी त्याच वर्षाअखेरीस दिवाळखोरीच्या दारात गेली. १९३२ मध्ये ती आणि इओलियन एकत्र झाल्या; कट्टर प्रतिस्पर्ध्यांना एका छपराखाली यावं लागलं. डीलरांनी आपल्या दुकानात रेडिओ मांडले. त्यांना मी नावं ठेवत नाही. वीस वर्षं ज्यांना दर आठवड्याचा धंदा नको होता, त्यांच्यासाठी रेडिओ ही हवीहवीशी वस्तू होती: एकदा विकायचा, आणि गाणी परस्पर हवेतून येणार.

क्यूआरएसमध्ये रोल रचणारा मॅक्स कोर्टलँडर याने १९३१ मध्ये ती कंपनीच विकत घेतली आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये नेली. तिथे जे. लॉरेन्स कुक हा कृष्णवर्णीय रचनाकार, टपाल खात्यातली नोकरी सांभाळून, एकामागून एक रोल रचत राहिला. त्याने हयातीत हजारो रोल केले. यंत्रं विकणारे सगळे गेले त्या काळातही कागद विकणारी ही कंपनी चालू होती. युद्धानंतर हौशी माणसं अडगळीतले प्लेअर पियानो काढून दुरुस्त करायला लागली, तेव्हा नवे रोल मागायला त्यांच्यापुढे जवळजवळ हेच एक नाव होतं. इओलियनचा वारसा सांगणारी कंपनी १९८५ मध्ये बंद पडली. क्यूआरएसचे रोल त्यानंतरही निघत होते, बफेलोच्या त्या बैठकीत ठरलेल्याच मापाचे, सव्वाअकरा इंच रुंद, इंचाला ९ भोकं.